गावपळणीतली हजेरी

आडखोल गाव दर तीन वर्षांनी रिकामं होतं. मार्गशीर्षात ग्रामदेवतेचा कौल मिळाला की तीन दिवस, तीन रात्री गावात माणसाचा श्वास म्हणून राहत नाही. गुरं राहत नाहीत, कुत्री-कोंबडी राहत नाहीत. सगळा गाव ओहोळ ओलांडून वेशीबाहेर सड्यावर, माथ्यावरच्या उघड्या कातळावर, जातो, माडाच्या झापांच्या राहुट्या घालतो, आणि तिथेच रांधतो, जेवतो, भजनं म्हणतो. हिंदू जातात, किरिस्तांव जातात. देवाचा हुकूम सगळ्यांना सारखा. ह्याला गावपळण म्हणतात. त्या तीन दिवसांत मागे गावात काय होतं हे कोणी बघितलेलं नाही, आणि बघावंसं कोणाला वाटतही नाही.

पळणीचे नेम पुष्कळ. दाराला कुलूप घालायचं नाही, नुसती कडी. चुलीत विस्तव ठेवायचा नाही. वेस ओलांडताना मागे वळून बघायचं नाही. आणि उंबरा सोडलेल्या माणसाला ‘खंय चललंस?’, कुठे निघालास, असं चुकूनसुद्धा विचारायचं नाही. एरवीही तो प्रश्न बरा नव्हे. पळणीच्या सकाळी तर तो जिभेवर आला तरी गिळायचा.

सुगंधाने तो गिळला होता.

२०१० सालची पळण. दुसऱ्या दिवसाची सकाळ. सड्यावर दव वाळत होतं, तीन दगडांच्या चुलींवर पेज रटरटत होती, आणि राहुट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बायकांची फुगडी रंगली होती. सुगंधा मधे उभी राहून सांगत होती आणि बाकीच्या झेलत होत्या. गाणं तिचंच, कालच जुळलेलं.

“वेशीच्या भायर गो, मांडलंव बिऱ्हाड,
देवा तुज्या हाती रे घराचा कवाड…”

“गो सुगंधा,” उर्वशी फुगडी सोडून धापा टाकत म्हणाली, “तू आठवीत होतंस तशीच ऱ्हवलंस. तेवा निबंध, आता फुगडी. घोवाक तरी रोज ओवी घालतंस काय?”

“घालतंय तर. तो गोव्याक ट्रॉलरवर आसा, त्याका ऐकाक येना नाय, ता बरा.”

बायका हसल्या. तेवढ्यात काजूच्या झाडावर फोन वाजला. सड्यावर त्या एकाच फांदीपाशी रेंज यायची, म्हणून सुगंधाने आपला मोबाईल पिशवीत घालून तिथेच टांगून ठेवला होता.

“सुगंधा? रॉविना बोलतंय गो, मडगावसून. आमच्या आंटीक जरा फोन दी.”

रॉविना म्हणजे शाळेत मराठी शिकवलेल्या रोझाबाईंची भाची. सुगंधा अजून हसतच होती. “आंटीक? आंटी तुज्याकडे मा?”

“माज्याकडे?” रॉविनाही हसली. “माज्याकडे कशी? पळणीक ती दर वेळी तुमच्या राहुटीत आसता मगो!”

मग दोघींपैकी कोणीच हसलं नाही. फोनमध्ये मडगावच्या रस्त्यावरचा एक हॉर्न वाजला आणि विरला. तिने काजूची फांदी धरली.

कालची सकाळ तिला आता लख्ख दिसत होती. नितेशच्या टेम्पोत सामान कोंबून ती आपल्या लेकीला, आरोहीला, मांडीवर घेऊन बसली होती. टेम्पो शाळेवरून वळला तेव्हा रोझाबाई शाळेच्या फाटकात उभ्या होत्या. डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी. आठवड्यापूर्वीच बाई म्हणाल्या होत्या की नाताळाला रॉविना मडगावला बोलावते आहे. तेव्हा यंदा बाई पळणीलाच तिकडे निघाल्या असतील, रिक्षाची वाट बघत असतील, असं सुगंधाने धरलं. विचारावं म्हणून तोंड उघडलं होतं, आणि मिटलं होतं. बाईंचेही ओठ हलले होते. त्यांनीही काही विचारलं नाही. नुसता हात हलवला. त्या टेम्पोच्या दुसऱ्या खेपेची वाट बघत असतील, हे सुगंधाच्या मनातही आलं नाही. आणि पुढे वळणावर तिने नेमाप्रमाणे मागे बघितलं नाही.

म्हणजे काल सकाळपासून बाई गावात होत्या. एकट्या. एक अख्खी रात्र.

*

आबा सुगंधाचे सासरे, आणि देवळाचे मानकरी. गावाचं गाऱ्हाणं देवापुढे घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. गोष्ट ऐकल्यावर ते खाली बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. भोवती माणसं जमली. जो तो हळू बोलत होता, जसं काही ओहोळापलीकडून कोणी ऐकतं आहे.

“आत जावक गावाचा नाय,” आबा शेवटी म्हणाले.

“आबानू, सत्तरीक पोचलली बायलमाणूस ती. पडली आसात, दुखणा इला आसात…” सुगंधा म्हणाली.

“माका कळणा नाय काय? माज्या झिलाक, तुका, ह्या सगळ्यांक तिनाच लिवाक शिकवल्यान.” आबांचा आवाज चिडका होता. “माज्या आज्याच्या टायमाक एक गडी विसरलली कोयती हाडूक आत गेलो. कोयती घेवन इलो. पण त्या दिवसापासून मरासर त्याच्या तोंडातसून शबूद भायर नाय इलो. आज्यान सोताच्या डोळ्यांनी बगलल्यान त्याका, माका सांगल्यान.”

आबांनी नारळ मागवला. ओहोळाच्या काठावर, पाण्यात पाय न घालता, त्यांनी तो गावाच्या दिशेने धरला आणि मान खाली घातली. सगळे मागे उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या रानात लेकरा तुज्या हुकमान भायर बसली आसत…”

“होय म्हाराजा!”

“पण एक लेकरू चुकान आत ऱ्हवला. ता तुका न मानणारा न्हय. त्याचो देव येगळो आसात, पण अन्न ह्याच मातयेचा खाता.”

“होय म्हाराजा!”

“त्याका सांबाळ. आणि आमची चूक पोटात घाल, रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

नारळ फुटला. मग आबांनी निवाडा केला. रॉविना निघाली आहे, सांजेपर्यंत पोचेल. ती गावची नव्हे, तिला नेम लागू नाही. ती आत जाईल आणि आंटीला बाहेर आणील. तोवर थांबायचं.

निवाडा शहाणपणाचा होता. सगळ्यांना हायसं वाटलं. सुगंधालाही क्षणभर वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली. सांज म्हणजे किती लांब! काल रात्री थंडी किती होती! तिने आरोहीला दोन गोधड्या घातल्या होत्या.

“मी जातंय,” ती म्हणाली.

“गप,” उर्वशी तिचा दंड धरून म्हणाली. “दुपारच्या बारा वाजता भरल्या घराचो माणूस कोण शाणो भायर पडता? आणि खंय, तर थंय!”

“पोराक बग.” सुगंधाने आरोहीचं बोट उर्वशीच्या हातात दिलं. आबांकडे तिने बघितलं नाही. आबांनीही तिला थांबवलं नाही. ते पाठमोरे होऊन फुटलेल्या नारळाच्या भकला वेचत राहिले, आणि सगळ्या वेचून झाल्या तरी वाकलेलेच राहिले.

नितेश तिच्या मागून आला. आठवीत तोही तिच्याच वर्गात होता. पाण्याशी आल्यावर त्याचे पाय थांबले.

“मी… मी हयच उभो ऱ्हवतंय. काय लागला तर बोंब मार.”

“आणि तू येतलंस?”

नितेशने पाण्यातल्या आपल्या सावलीकडे बघितलं. “बोंब तर मार,” तो म्हणाला.

*

ओहोळाचं पाणी घोट्याएवढं होतं आणि बर्फासारखं गार. पलीकडच्या काठावर पाऊल ठेवलं तेव्हा तिला आधी कळेनाच, की काय चुकतं आहे. रस्ता तोच. कुंपणं तीच. मग उमगलं. आवाज नव्हता. कोंबडं नव्हतं, कोणाचा रेडिओ नव्हता, धुणं आपटल्याचं नव्हतं. गावाला आवाज असतो हे तिला जन्मात कधी कळलं नव्हतं. आज तो काढून घेतल्यावर कळलं. स्वतःच्या चपलांचा फटफट आवाज इतका मोठा वाटला की तिने चपला काढून हातात घेतल्या.

दारं नुसत्या कडीवर. प्रत्येक दारामागे कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटत होतं. मागे खर्र… असं काही सरकलं. पळावं, ओहोळाकडे, नितेशकडे, माणसांकडे! पाय वळलेसुद्धा.

आणि तेव्हा कानाच्या आतून बाई बोलल्या. “आवाज आला, असं लिहू नका. आवाज कोणालाही येतो. ओला की सुका?”

रोझाबाईंचा हा प्रश्न गावभर झाला होता. त्या आठवीला मराठी शिकवायच्या आणि निबंधातले ‘सुंदर’ नि ‘भयंकर’ असे शब्द निवडुंगासारखे उपटून फेकायच्या. भयंकर म्हणजे काय? बोट दाखव. आवाज आला? ओला की सुका? पाणी लागलेला आवाज वेगळा, वाळलेला वेगळा. एकदा एका रापणीवर त्या वर्गाला घेऊन गेल्या आणि सगळ्यांना वाळूत डोळे मिटून बसवलं. जाळं ओढताना दोर ओला कसा बोलतो आणि काठीवर वाळत टाकलेला कसा बोलतो ते ऐकवलं. मागच्या बाकावरची मुलं त्यावरून भलतेच प्रश्न विचारायची. नितेशने तर एकदा भर वर्गात विचारलं, “बाई, उपास सोडल्यार पोटात होता तो आवाज?” बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तो ओला. लिही. पण आधी नीट ऐक आणि मग लिही.”

आणि एकदा त्या म्हणाल्या होत्या, “भ्यालात तर पळा. हरकत नाय. पण पळायच्या आधी काय दिसलं, काय ऐकलं, ते सांगून पळा.”

सुगंधाचं लिहिणं दहावीनंतर सुटलं. लग्न झालं, टोपली डोक्यावर आली, बाजाराच्या वाटा पाठ झाल्या. पण ते ऐकणं काही सुटलं नाही. मासळीची टोपली उतरवताना पाणी निथळतं ते, सासूच्या छातीतली खरखर, पोर तापली की बदलणारा श्वास. ती कोणाला सांगत नसे. घरातली माणसं म्हणायची, हिला आधी कळतं.

खर्र. परत.

सुका, तिने स्वतःला सांगितलं. सुका, हलका, जमिनीलगतचा. फणसाचं पान. वारा त्याला खळ्यातून ओढत नेतो आहे.

ती वळून बघते तो फणसाचं पान. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ती पुढे निघाली आणि ओठातल्या ओठात सांगत राहिली, जशी देवळात जपमाळ ओढावी. टप्. ओला. विहिरीच्या चिऱ्यातून आत पडणारा थेंब. चर्र. सुका. गंजलेली बिजागरी. खळ्ळ. सुका. शेवग्याची वाळलेली शेंग. एकेका आवाजाला नाव दिलं की तो कुत्र्यासारखा खाली बसायचा. पण लगेच दुसरा उठायचा. भीती काही जात नव्हती. ती नुसती एक पाऊल मागून चालत होती.

असं करत ती शाळेच्या फाटकापर्यंत आली, आणि तिथे ती थांबली.

बाईंचं घर शाळेच्या मागे. शाळेच्या पटांगणातूनच जायला हवं. आणि ह्या पटांगणाची भीती इतरांची नव्हती, तिची स्वतःची होती. तिनेच ती बनवली होती.

१९९८ सालच्या पळणीनंतर बाईंनी निबंध घातला होता, ‘आपण नसताना आपलं गाव’. मुलांनी लिहिलं, देव फिरतात, पऱ्या येतात. तेरा वर्षांच्या सुगंधाने लिहिलं, की गाव रिकामं झालं की शाळा आपोआप उघडते. आत कोणीतरी हजेरी घेतं. गावातल्या एकेका माणसाचं नाव पुकारतं. ज्याने ‘हजर’ म्हटलं तो परत वेशीबाहेर येत नाही. एक मुलगी विसरलेली पाटी आणायला आत जाते आणि दाराबाहेर उभी राहून स्वतःचं नाव पुकारलेलं ऐकते. ‘आणि मी पळाले’, असं लिहून तिने निबंध संपवला होता.

बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. वर्ग पार गार पडला. उर्वशीला तर रात्री ताप भरला, तिची आई शाळेत भांडायला आली, आबाही आले. पळणीची चेष्टा करायची नाही, म्हणाले. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले. फक्त सुगंधाला जवळ बोलावून त्या एवढंच म्हणाल्या, “सगळा बरा लिवलंस. पण आत कोण होता? ता तू बगूकच नाय. दारातसूनच पळालंस.”

“माका म्हायत नाय, बाई.”

“मगे गोष्ट अर्धी ऱ्हवली. म्हायत झाला की सांग.”

बारा वर्षं झाली होती. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तिने काहीच दिलेलं नव्हतं.

पटांगणात ऊन पांढरंशुभ्र पडलं होतं. झेंड्याच्या खांबाची सावली आखडून खांबापेक्षा तोकडी झाली होती. व्हरांड्यात वर्गांची दारं एका रांगेत मिटलेली. सुगंधाने पदर तोंडात धरला आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. अर्ध्यात आली. आणि तिने ऐकलं.

कोणीतरी नावं पुकारत होतं.

फार बारीक. शब्द फुटत नव्हते, पण चाल कळत होती. एक नाव, मग थोडी वाट बघणं, मग पुढचं नाव. शाळेतूनच येत होतं की मागून, हेही कळेना. तिच्या कानात रक्त धाडधाड वाजायला लागलं. हे तिने लिहिलं होतं. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि ते इथे बारा वर्षं बसून तिची वाट बघत होतं.

“…उर्वशी.”

वाट बघणं.

“…नितेश.”

वाट बघणं. आता पुढे कोण, हे तिला ठाऊक होतं. आठवीच्या हजेरीत नितेशच्या मागून कोण यायचं ते तिला झोपेतही सांगता आलं असतं.

“…सुगंधा.”

ती पळाली. कशी पळाली तिलाच कळलं नाही. चपला हातातून पडल्या, पटांगण संपलं, फाटकाचा लोखंडी दांडा तिच्या पोटात बसला तेव्हा ती थांबली. आईने, आजीने, सासूने, सगळ्यांनी लहानपणापासून एकच शिकवलेलं होतं. माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्यालाही नाही. जे माणूस नसतं ते तीनदा हाक मारत नाही. आणि ओ दिली, की संपलं. आरोहीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. सड्यावर उर्वशीचं बोट धरून उभी आरोही.

काय ऐकलंस ते सांग, आणि मग पळ.

“हाक ऐकलंय,” ती रडत रडत फाटकाला सांगू लागली. “माज्या नावाची हाक. मी जातंय, बाई. माका जावक होया.”

ओला की सुका?

तिने डोळे मिटले. श्वास धरून ठेवला. मागून, लांबून, पुन्हा आलं.

“…सुगंधा.”

सुका. इतका सुका की ‘सु’ उमटतच नव्हता; जीभ टाळ्याला चिकटून सुटत होती, आणि ओठ उघडताना त्यांच्यात ओल नव्हती. ‘धा’च्या शेवटी घशात काहीतरी खरवडत होतं. असा आवाज तिने ऐकला होता. तापात पडलेल्या आरोहीचा, पहाटे, पाणी मागायच्या आधीचा.

तहान लागलेल्या माणसाचा आवाज होता तो. आणि भुतांना तहान लागल्याचं तिने कुठे ऐकलं नव्हतं.

तिची भीती त्यामुळे गेली असं नव्हे. पण ती जागा बदलून बसली. आतापर्यंत ती भीती स्वतःसाठी होती. एका क्षणात ती सगळीच्या सगळी बाईंसाठी झाली, आणि ही दुसरी भीती पायांना उलट्या दिशेने पळवणारी निघाली. तिसऱ्या हाकेसाठी ती थांबली नाही. पटांगणातून धावता धावताच ती ओरडली, शाळेत ओरडायचे तशी, जेवढ्या जोराने घशातून निघेल तेवढ्याने:

“हजर! हजर, बाई, हजर!”

*

रोझाबाई मागीलदारी विहिरीच्या कठड्याशी पडल्या होत्या. कोंबड्यांची पाटी न्यायला मागे आल्या आणि शेवाळावरून पाय गेला. कोंबड्या कधीच सुटून माडाखाली उकरत होत्या. बाईंचा उजवा पाय नको तिकडे वळला होता. रात्री त्यांनी वाळत घातलेली चादर काठीने ओढून अंगावर घेतली होती. विहीर हातभर अंतरावर, पाण्याने भरलेली, आणि पोहरा वर खुंटीला.

सुगंधाने पाणी काढलं. ओंजळीने ओठ ओले केले, मग घोट घोट पाजलं. बाईंनी डोळे उघडून तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

“उशीर,” त्या म्हणाल्या.

सुगंधाला हुंदका आवरेना. “बाई, माका वाटला तुमी मडगावाक…”

“आणि माका वाटला टेम्पो परत येतलो.” बाईंनी डोळे मिटले. “विचारूक होया होता. मीच तुमका शिकवलंय, विचारा म्हणान. आणि मीच गप ऱ्हवलंय.” त्यांनी सुगंधाची ओंजळ धरून आणखी एक घोट घेतला. “रातभर भियालंय गो. लय भियालंय. आमच्या देवाची मागणी म्हणालंय, ती संपली. मगे हजेरी घेवक लागलंय. तुमची आठवी. ती माका पाठ आसा. एक नाव घेतला की वाटता, कोणतरी बसला आसा थंय.”

“बाई, मी ऐकलंय. आणि मी पळालंय.”

“मगे?”

“मगे परत इलंय.”

बाईंच्या सुकलेल्या ओठांचा एक कोपरा हलला. पण त्यांचा हात बर्फासारखा होता आणि नाडी बोटांखाली सुतासारखी लागत होती. पाय हलवायला गेलं की त्यांचा चेहरा पांढरा पडे. सुगंधाने एकटीने त्यांना उचलून बघितलं. बाई अशा ओरडल्या की तिने घाबरून हात सोडले. खुर्चीत घालून न्यायला चार माणसं हवीत. मोबाईल सड्यावर, काजूच्या फांदीला. बाईंना अशा टाकून परत ओहोळापर्यंत जायचं, आणि मागे ह्यांचा श्वास…

“बाई, मी हाक मारतंय.”

“कोणाक?”

“सगळ्यांक.”

“ते ओ देतले?” बाईंनी विचारलं. त्यांनाही नेम ठाऊक होता. रिकाम्या गावातून आलेल्या हाकेला आडखोलातला कोण माणूस ओ देणार?

सुगंधा घरापुढच्या खळ्यात आली. तिथे बाईंचा खुरीस, दगडी क्रूस, होता, त्याच्या पायथ्याशी कालच्या मेणबत्तीचं मेण सांडलेलं. इथून उतार सरळ ओहोळावर उतरायचा. माड आड होते, माणसं दिसत नव्हती. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

“उर्वशी!”

हाक उतारावरून गेली, सड्याच्या कड्यावर आपटली आणि परत आली. पलीकडे मघापासून माणसांची जी बारीक कुजबुज लागत होती ती एकदम थांबली. ते ऐकत होते. तिला कळत होतं, सगळे उभे राहून ऐकत आहेत आणि एकमेकांचे हात धरत आहेत.

“नितेश!”

काही नाही. एक पोर रडलं आणि कोणीतरी त्याचं तोंड दाबलं.

“आबानू!”

काही नाही. माडांच्या झावळ्या तेवढ्या एकमेकींवर घासल्या. सुका. सुगंधाचा धीर सुटत चालला. मघाशी ती ज्या बाजूला होती त्या बाजूला आता सगळा गाव होता, आणि आत हजेरी घेणारी ती होती. त्यांनी तिच्या नावावरही आता पाणी सोडलं असेल काय? आरोहीला सांगत असतील काय, की ती तुझी आई नव्हे, ओ देऊ नको?

“गळ्यातसून नको,” मागून रोझाबाईंचा आवाज आला. “पोटातसून काढ. नाव सबंद घे. शेवटचा अक्षर खाव नको.”

सुगंधाने पाय रोवले. पोटातून हवा भरून घेतली.

“उर्वशी! नितेश! आबानू! बाई जित्ती आसत! पाय मोडलो हा! खुर्ची घेवन येवा!” आणि मग, तिसऱ्यांदा, एकेक नाव सुटं, मधे वाट बघत, जशी हजेरी घेतात तशी, “उर्वशी…! नितेश…!”

वाट बघणं. ऊन तसंच. मेणावर एक मुंगी चालत होती.

मग खालून, माडांच्या पलीकडून, घाबरून चिरकलेला एक पुरुषाचा आवाज आला.

“ह… हजर!”

त्याच्यामागून एक म्हातारा, जड आवाज काहीतरी बोलला; शब्द कळले नाहीत, पण बोलण्याची चाल गाऱ्हाण्याची होती. नंतर सगळं पुन्हा शांत झालं. सुगंधा कान देऊन उभी राहिली. नुसती ओच दिली की काय? काठावरच उभे राहिले की काय?

“काय आयकाक येता?” बाईंनी मागून विचारलं. आवाज पुन्हा बारीक झाला होता. “सुगंधा? ओलो की सुको?”

सुगंधाने डोळे मिटले. आणि तिने ऐकलं. छप्. छप्. मग पुष्कळ, एकात एक मिसळलेले, घाईचे.

“ओलो, बाई,” ती म्हणाली. “ओहोळात उतारले.”